बालाजीच्या मेळ्यातली पाळणेवाली

माझा आवाज मोठा आहे, लहानपणापासून. आई म्हणायची, रंभा बहादरपुरात बोलते अन् ताप्तीपल्याड जैनाबादची कुत्री उठून बसतात. त्या आवाजानंच मला नोकरी मिळवून दिली, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गोष्ट छप्पन सालची. येत्या महिन्यापासून आपला प्रांत नागपूरचा राहणार नाही, भोपाळचा होणार, हे ज्याच्या त्याच्या तोंडी होतं. रावेरच्या लोकांचं राज्य वेगळं, आपलं वेगळं, म्हणून चावडीवर म्हातारे तावातावानं भांडायचे. मला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. माझंच गाव बदलायची वेळ आली होती.

बहादरपूरला आमची केळी होती, म्हणजे माझ्या मोठ्या भावाची, वसंतदादाची. दोन वर्षांपूर्वी मी निंबोल्याचं सासर सोडून त्याच्या दारात आले होते. सहा वर्षं मूल झालं नाही म्हणून निंबोल्याच्यांनी दुसरी करून आणली, मालू नावाची. निंबोल्याचे म्हणजे माझा नवरा. नाव तेव्हाही घेत नव्हते, आता तर मुळीच घेणार नाही. ज्या दिवशी मालूचं लुगडं माझ्या दोरीवर वाळत पडलं, त्याच दिवशी मी माझी दोन लुगडी काढून घेतली अन् चालायला लागले. एकीवर दुसरी करायची नाही, असा कायदा त्यानंतर वर्षभरानं आला. सरकार माझ्यापर्यंत पोचलं, नाही असं नाही, पण उशिरा पोचलं.

दादा वाईट नव्हता. भित्रा होता. 'लोक काय म्हणतील' हेच त्याच्या घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस. दसऱ्याच्या आधी चार दिवस तो माझ्यासमोर येऊन बसला आणि जमिनीवर काडीनं रेघोट्या मारत म्हणाला, "रंभे, निंबोल्याहून निरोप आला. ते तुले परत न्यायले तयार आहेत. बालाजीचा मेळा उठला की मी गाडी जुंपतो अन् तुले पोचवून येतो."

"कायले? सवतीच्या भाकरी थापायले?"

"बाईमाणसाचं घर म्हणजे शेवटी..."

"दाखव ना मग माझं घर! हे तुझं, ते मालूचं. माझं कोणतं?"

दादा चिडला. काडी फेकून देत म्हणाला, "तुझी तुले काही सोय लावता आली असती, तर मी कायले पाठवलं असतं?"

तो बोलून गेला, अन् मी ते पदराला गाठ मारून ठेवलं. मेळा पंधरा दिवसांचा. तेवढ्या दिवसांत माझी मला सोय लावायची होती, नाहीतर निंबोला ठरलेला.

मेळा ताप्तीच्या काठी भरतो. तो भरला त्याच दिवशी मी गेले. आधी भांड्यांच्या दुकानात विचारलं, मग रेवड्यांच्या. कुणाला बाई नको होती, अन् कुणाला माझा आवाज नको होता. उन्हं उतरता उतरता मी आकाशपाळण्यापाशी येऊन उभी राहिले. हा पाळणा रावेरच्या चुडामणचा. आताच्यासारखा विजेवर फिरणारा नाही. दोन उंच लाकडी खांब, त्यांच्यात फिरणारी फुली, अन् फुलीच्या चार टोकांना चार पाळणे. एका बाजूला निंबा, दुसऱ्या बाजूला सुपडू, दोघे धट्टेकट्टे गडी. खाली आलेला पाळणा धरून ढकलायचा, पुन्हा धरायचा, पुन्हा ढकलायचा, असं चाललेलं. लोकांना बसवणारा तिसरा माणूस तापानं घरीच राहिला होता, म्हणून बसवायचं कामही सुपडूच करत होता.

अन् काय बसवत होता! एका पाळण्यात सराफ्यातले चार शेटजी, अन् बरोबर समोरच्यात तीन काटकुळ्या पोरी. निंबानं जोर लावला, शेटजी अर्धे वर गेले अन् धप्पकन परत खाली आले. वर पोरी किंचाळल्या. शेटजींच्या टोप्या पडल्या. सुपडू अजून जोरानं ढकलायला गेला तेव्हा मला राहवलंच नाही.

"अरे मुडद्या, गाडी उलाळून राहिली अन् तू बैलाले मारतो?"

सगळा मेळा वळून बघायला लागला. आता हे गाडीचं सांगायला पाहिजे. केळीचे घड स्टेशनावर न्यायचे तर बैलगाडीत रचावे लागतात, अन् आमच्याकडे ते काम माझं होतं. मागे ओझं जास्त झालं की गाडी उलाळते, पुढचं टोक आभाळाकडे जातं अन् बैलाच्या गळ्याला फास बसतो. पुढे जास्त झालं की जू मानेवर रुततं. म्हणून प्रत्येक घड नुसता बघून ओळखायचा, हा सात शेर, हा दहा, हा पोकळ, अन् मग त्याची जागा ठरवायची. लग्नाआधी अन् परत आल्यावर मिळून आठ-दहा वर्षं हेच केल्यावर मला माणसंसुद्धा तशीच दिसायला लागली होती.

"बाई, तू कोण?" चुडामण पुढे आला. पोट मोठं, मिश्या त्याहून मोठ्या.

"मी कोण ते मागून बघा. आधी त्या सगळ्यात जाड्या शेटजीले उतरवून पोरींमध्ये बसवा. अन् ही बाई, पोराले घेऊन उभी आहे ती, तिले शेटजींच्या जागी नाही, इकडच्या पाळण्यात. समोर रांगेतले ते दोघे भाऊ. हं. आता ढकल."

निंबानं एका हातानं ढकललं. पाळणा असा काही फिरला की निंबा स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. लोकांनी टाळ्या पिटल्या. मी चुडामणला म्हटलं, "तुमचं वजन सांगू? दोन मणाले तीन शेर कमी." त्यानं कधी स्वतःला तोललेलं नव्हतं, त्यामुळे त्याला मानावंच लागलं.

"पण बाईमाणूस पाळण्यावर," तो मिशी चोळत म्हणाला, "लोक हसतील."

त्याची बायको भागाबाई तिकिटांची पेटी मांडीवर घेऊन खांबाशी बसलेली होती. बारीक, काळी, कपाळभर कुंकू. ती मान वर न करताच म्हणाली, "लोक मेळ्यात हसायलेच येतात. सकाळपासून किती बाया बसल्या, ते सांगा आधी. सुपडू हात धरून बसवतो म्हटल्यावर चांगल्या घरची बाई येईल का जवळ?"

चुडामणनं हात वर केले. "ठीक आहे, भई. मेळा उठेपर्यंत. पण एक जरी तक्रार आली, की त्याच घडीला बंद."

"अन् तक्रार नाही आली तर?"

"तर इथून ओंकारेश्वरची कार्तिकी. मग पुढचे मेळे, पार होळीपर्यंत. आमच्या भागीच्या पालात झोपायचं, तिच्याच हातचं खायचं. बघू."

मला तेवढा 'बघू' पुरेसा होता. दादा मात्र ऐकून लालपिवळा झाला. वसंताची बहीण मेळ्यात पाळण्यावर उभी राहणार! मी म्हटलं, सोय लाव असं तूच म्हणालास. तो म्हणाला, पंधरा दिवसांची कसली सोय? मेळा उठेस्तोवर कर काय करायचं ते, मग निंबोला. पण मी सकाळी उठून गेलेच.

माय वं, काय दिवस होते ते! रोज सकाळी भागाबाई खांबाला हळदकुंकू लावायची, नारळ फोडायची अन् दुसऱ्या दिवसाचा नारळ तिथेच लाल फडक्यात ठेवून द्यायची. मग मी. पाळण्याची आडवी दांडी उचल, बसव, दांडी लाव, समोरचा भर. आधी बायका लांबून बघायच्या. मग शाळामास्तरांची रजनीबाई धीर करून बसली. उतरल्यावर म्हणाली, "बाई गं, लग्न होऊन बारा वर्षं झाली, आमच्या घराचं छप्पर आज पहिल्यांदा पाहिलं." दुसऱ्या दिवशी ती पाचजणींना घेऊन आली. नंतर तर रांग लागायची. वर गेल्यावर डोळे मिटून घेणाऱ्या, सासूचं नाव घेऊन ओरडणाऱ्या, उतरून लगेच दुसरं तिकीट काढणाऱ्या, सगळ्या मी पाहिल्या. मी स्वतः इतकी हसले की गालफडं दुखायला लागली. दोन वर्षांत हसले नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

भागाबाईचा एक नियम होता, तो तिनं पहिल्याच दिवशी कानात सांगितला. पोटुशी बाई बसवायची नाही. अन् तीन महिने होईस्तोवर बाई ते कुणाला सांगत नाही, दृष्ट लागते म्हणून. तर चारचौघांत विचारायचंही नाही. "तुझ्याजवळ नजर आहे," ती म्हणाली. "नजरेनं ओळख अन् गोडीगुलाबीनं परत पाठव."

तेरा दिवस एकही तक्रार आली नाही.

चौदाव्या दिवशी, दुपार कलल्यावर, रांगेत मला दादा दिसला. त्याच्या पुढे निंबोल्याचे, नवा सदरा घालून. अन् त्यांच्या मागे दोन पावलं मालू.

खोटं कशाला सांगू? मला पळून जावंसं वाटलं. पण दांडी माझ्या हातात होती अन् पाळण्यात माणसं होती.

"वा!" निंबोल्याचे जवळ येऊन म्हणाले. "वसंतराव म्हणाले ते खरंच आहे तर. असू दे, दोन दिवस खेळ. परवा घ्यायले येतो. कापूस फुटला आहे, वेचणीले हात कमी पडून राहिले."

म्हणजे निरोप त्यासाठी होता. मी दादाकडे पाहिलं. दादानं मान खाली घातली. त्यालाही हे आत्ताच कळत होतं.

निंबोल्याचे ऐटीत पाळण्यात चढले अन् पाय पसरून बसले. "ये, मालू."

मालू पुढे आली. मी तिला दोन वर्षांत धड पाहिलं नव्हतं. एकोणीस-वीस वर्षांची असेल. शेजारच्या भज्यांच्या कढईचा वास येत होता, तर तिनं पदर नाकाशी घट्ट धरलेला. दुसऱ्या मुठीत चिंचेचा गोळा. पायरीवर पाय ठेवताना तिचा हात आपोआप पोटाशी गेला, अन् तिनं तो झटकन काढून घेतला. घड भरायला लागला की आधी त्याचा रंग बदलतो, आकार मागून बदलतो. मला तिथेच कळलं.

मी दांडी आडवी धरली. "हिले नाही बसता येणार."

"का?" निंबोल्याचे ओरडले.

मी मालूच्या जवळ वाकून हळूच विचारलं, "घरी माहीत आहे?" तिनं डोळ्यांनीच नाही म्हटलं. कुणाला सांगणार ती? सासू मी असतानाच गेलेली, अन् तिची आई लहानपणीच वारलेली हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. घरात बाईमाणूस असं एकही नाही. अन् नवऱ्याला 'मी नाही बसत' म्हणायची तिची छाती नव्हती.

"सवत आहे ना, म्हणून जळते!" निंबोल्याचे आता सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. "ओ मालक! पैसे घेता अन् बसू देत नाही? माझी तक्रार आहे!"

ती तक्रार ऐकून चुडामण धावत आला. "रंभाबाई, तिकीट घेतलंय त्यांनी. बसव."

"नाही बसवणार."

"मग कारण सांग!"

कारण सांगितलं तर मालूचं गुपित मेळ्यात फुटणार, अन् पुढे काही वाईटवंगाळ झालं तर माझ्या जिभेनं झालं म्हणणार. नाही सांगितलं तर नोकरी गेली, अन् परवा निंबोल्याची गाडी. माझा एवढा मोठा आवाज, पण त्या घडीला त्याचा काही उपयोग नव्हता.

मग माझी नजर खांबापाशी गेली. उद्याचा नारळ लाल फडक्यात ठेवलेला. मी तो उचलला. भागाबाईच्या शिदोरीतली दोन केळी घेतली. शेजारी तिच्या दळणाच्या गव्हाचं गाठोडं होतं, त्यातले मूठभर गहू घेतले. अन् मालूसमोर उभी राहिले.

आमच्याकडे तिसऱ्या महिन्यात चोरओटी भरतात. घरातली मोठी बाई, दार लोटून, कुणाला न सांगता भरते. मी भर मेळ्यात उभी होते, पण तोंडातून एक अक्षर काढलं नाही; दृष्ट बोलण्यानं लागते, ओटीनं नाही.

रांगेतल्या बायका पुढे सरकल्या. रजनीबाईनं तोंडावर हात ठेवला. एकेकीच्या चेहऱ्यावर कळलेलं दिसत गेलं. पुरुष मात्र नुसते बघत होते. निंबोल्याच्यांना जरा वेळानं उमगलं. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग ते पाळण्यातूनच ओरडले, "मालू! तिच्या हातची घेऊ नको! वांझ आहे ती!"

तो शब्द मी सहा वर्षं ऐकला होता, पण घरात. चारचौघांत पहिल्यांदाच ऐकला. वाटलं, नारळ ठेवून द्यावा अन् जावं निघून.

मालूनं नाकावरचा पदर काढला. दोन्ही हातांनी तो माझ्यासमोर पसरला, नीट, चांगला रुंद. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणाली, "भरा, अक्का."

मी भरली. नारळ, केळी, गहू. रजनीबाईनं पुढे होऊन तिला कुंकू लावलं. मागच्या एका म्हातारीनं कनवटीची सुपारी काढून ओटीत टाकली. भागाबाई तिकिटांची पेटी बाजूला ठेवून उठली, कमरेवर हात ठेवले अन् विचारलं, "हं, तक्रार कोणाची होती? बोला."

चुडामण मिशी चोळत आपल्या जागी गेला.

निंबोल्याचे उतरायला लागले तशी मी दांडी खाडकन लावली. "तिकीट घेतलंय ना? बसा." मग दादाकडे वळले. "दादा, तू समोरच्यात बस. तुम्हा दोघांचं वजन सारखंच आहे."

"मी? रंभे, मले भीती..."

"माहीत आहे. बस."

बसला बापडा. निंबा-सुपडूनं असा पाळणा फिरवला म्हणता! एकदा हे वर, एकदा ते वर. वरून "उतरवा! उतरवा!" ऐकू येत होतं, कुणाचा आवाज होता ते सांगत नाही. खाली मालू खांबापाशी बसून ओटीतलं केळ खात होती. मध्येच म्हणाली, "अक्का, तुम्ही परत येणार का?"

"नाही गं."

तिनं मान हलवली. "मग सातव्या महिन्याची ओटी?"

"निरोप धाड. कुठल्याही मेळ्यात असले तरी येईन. दार उघडं ठेवून भरू ती." असं म्हणताना मला रडू फुटलं, अन् मी डोळे पुसलेही नाहीत.

पाळणा थांबला. निंबोल्याचे कुणाकडे न बघता उतरले. मालू पोटाशी ओटी धरून हळूहळू चालायला लागली, अन् दहा पावलांवर गेल्यावर ते तिच्यासाठी थांबले. तेवढं तरी केलं त्यांनी.

दादा खांबाला धरून उभा होता. टोपी हातात, चेहरा पांढराफटक. मग म्हणाला, "कापूस वेचायले नेत होता तो तुले. अन् मी पोचवायले निघालो होतो."

मी पुढच्या बाईला बसवून दांडी लावली. माझी रांग उभी होती.

"परवा मेळा उठतो," दादा म्हणाला. "गाडी जुंपतो म्हटलं होतं मी."

"मग?"

"जुंपतोच. सांग, कुठं सोडू?"

मी चुडामणकडे पाहिलं. तो सुपडूवर काहीतरी ओरडत होता, पण भागाबाईनं माझ्याकडे बघून मान डोलावली.

"स्टेशनावर सोड," मी म्हटलं. "ओंकारेश्वराकडच्या गाडीले. पाळण्याचे वासे अन् दोर पण आहेत, गाडी मोठी आण."

तिसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी मीच भरली. दादा हाकत होता अन् मी मागे भागाबाईशेजारी बसले होते. स्टेशनापर्यंत एकदाही उलाळली नाही.